गटाचा मेल स्पॅममध्ये जातोय? तपासायचा क्रम

गृहनिर्माण सोसायट्या, शाळांचे माजी विद्यार्थी संघ, ट्रेकिंगचे ग्रुप, परदेशातली एकदोन मराठी मंडळं अशा गटांच्या मेलिंग लिस्ट मी सांभाळते. ज्या सांभाळत नाही, त्यांच्या सेक्रेटरींचे फोन घेते. तक्रार दरवेळी तीच: ‘आमचा मेल लोकांना मिळत नाही, स्पॅममध्ये जातो.’ आणि फोन करण्याआधी करून पाहिलेले उपायही तेच. विषयाची ओळ बदलली, ‘मोफत’ शब्द काढला, उद्गारचिन्हं कमी केली, मराठीऐवजी इंग्रजीत लिहून पाहिलं. फरक शून्य.

स्पॅम फिल्टर मजकूर वाचतात हे खरं. पण त्याआधी ते दोन गोष्टी बघतात. हा मेल ज्याच्या नावाने आलाय, त्यानेच पाठवलाय का? आणि या पाठवणाऱ्याच्या आधीच्या मेलचं लोकांनी काय केलं? उघडले, न वाचता उडवले, की ‘स्पॅम’चं बटण दाबलं? गटाचे मेल बहुतेक वेळा इथे अडकतात, शब्दांवर नाही. म्हणून शब्दांशी खेळण्यात वेळ घालवू नका. खालच्या क्रमात फुकटच्या, पाच मिनिटांच्या गोष्टी आधी आहेत. डोमेनच्या, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, सेटिंगला हात लावायचं काम नंतर, आणि सर्व्हर, म्हणजे मेल पाठवणारं यंत्र, सगळ्यात शेवटी.

लक्षणं

आधी तुमचं दुखणं यातलं कोणतं ते ठरवा. ‘मेल जात नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- न मिळालेले सगळे एकाच कंपनीचे आहेत: सगळे जीमेलवाले, किंवा सगळे हॉटमेल-आउटलुकवाले.
- गटातल्या एकाच माणसाचे मेल कोणाला दिसत नाहीत, बाकीच्यांचे व्यवस्थित येतात.
- कोणी काही न करता लिस्टमधले सभासद आपोआप बंद पडतात. आज वीस, पुढच्या महिन्यात आणखी.
- पाठवणाऱ्याला मेल परत येतो आणि त्यात ५५० आणि ५.७ ने सुरू होणारा आकडा असतो.
- पहिल्या काहीशे लोकांना जातो, मग गाडी अडते. दुसऱ्या दिवशी परत सुरू.
- फक्त एखाद्या बँकेच्या, कॉलेजच्या किंवा कंपनीच्या पत्त्यांवर जात नाही.
- जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी फोटोऐवजी प्रश्नचिन्ह दिसतं.

एक लक्षण मात्र खोटं आहे, त्यावरून घाबरू नका. तुम्ही जीमेलवरून गटाला मेल टाकला आणि तो तुमच्याच इनबॉक्समध्ये आला नाही, तर बिघाड नाही. जीमेल स्वतः पाठवलेल्या मेलची गटातून परत आलेली प्रत वेगळी दाखवत नाही. तो ‘सेंट’मध्ये असतो, कोणी उत्तर दिलं की संभाषण वर येतं. ‘मलाच माझा मेल मिळाला नाही’ म्हणणाऱ्या सेक्रेटरींचा प्रश्न निम्म्या वेळा इथेच मिटतो.

पहिली पायरी: मेल निघाला तरी का?

गूगल ग्रुप्सवर गट असेल तर आधी ग्रुपच्या पानावर जाऊन ‘पेंडिंग’ बघा. गूगलला संशय आला की मेल सभासदांना न पाठवता ॲडमिनच्या मंजुरीसाठी तिथे ठेवला जातो, आणि ॲडमिन तीन वर्षांपूर्वीच्या कार्यकारिणीतला असतो. मेलमन या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हीच सोय आहे. नव्या सभासदाचा, मोठ्या जोडपत्राचा किंवा नोंदलेला नसलेल्या पत्त्यावरून आलेला मेल रांगेत थांबतो. सभासद घरच्या पत्त्याने नोंदलेला आणि मेल ऑफिसच्या पत्त्यावरून टाकलेला, हा प्रकार तर रोजचा. मेल इथे सापडला तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

दुसरी: न मिळालेल्या माणसाला नेमकं विचारा

दोन-तीन सभासद निवडा आणि त्यांना फोनवर धरून बघायला लावा. स्पॅम फोल्डरमध्ये आहे का? जीमेलमध्ये तिथला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो, त्यामुळे ‘गेल्या दिवाळीचा मेल’ शोधण्यात अर्थ नाही. ‘प्रमोशन्स’च्या टॅबमध्ये आहे का? तो स्पॅम नव्हे, फक्त दुसरा कप्पा आहे. त्याच्यासाठी डोमेनची मोडतोड करू नका.

आणि हे हमखास विचारा: ‘स्टोरेज भरलंय’ असा लाल इशारा दिसतोय का? गूगलच्या फुकट खात्याला १५ जीबी जागा असते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. ज्येष्ठ सभासदांच्या फोनमधले नातवंडांचे व्हिडिओ परस्पर गूगल फोटोंवर चढत राहतात. जागा संपली की खातं नवे मेल घेणं बंद करतं. तिकडे काका म्हणतात, ‘तुमचाच मेल येत नाही’, कारण बाकी कोणाच्या मेलची ते वाट बघत नसतात.

तिसरी: परत आलेला मेल वाचा

लोक हा मेल इंग्रजीतला गिचमिड मजकूर बघून पुसून टाकतात. तो पुसू नका, निदान तिथेच असतं. तीन आकड्यांचा एक कोड आणि त्याला लागून टिंब घातलेले तीन आकडे शोधा.

पहिला आकडा ४ असेल तर नकार तात्पुरता आहे. समोरचा सर्व्हर ‘नंतर या’ म्हणतोय आणि तुमचा सर्व्हर आपोआप पुन्हा प्रयत्न करतो. ५ असेल तर नकार कायमचा. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. ५.२.२ म्हणजे पेटी भरली. ५.७.१ म्हणजे धोरणात बसत नाही, कारण पुढच्या वाक्यात लिहिलेलं असतं. जीमेलकडून ५.७.२६ आला तर अर्थ असा की पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. मग खालच्या सातव्या आणि आठव्या पायरीवर जा. मधल्या पायऱ्या तरी नंतर वाचाच, कारण ओळख पटली तरी बदनामी वेगळी राहते.

चौथी: सभासदाच्या बाजूचा उपाय

स्पॅममध्ये सापडलेल्या मेलवर ‘नॉट स्पॅम’ दाबायचं, गटाचा पत्ता कॉन्टॅक्ट्समध्ये घालायचा. जीमेलमध्ये फिल्टर करून ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर खूण केली तर त्या एका माणसापुरता प्रश्न सुटतो. ही सूचना व्हॉट्सॲपवर पाठवा. मेलने पाठवली तर ती कुठे जाईल ते सांगायला नको.

पण हा सगळ्या गटाचा इलाज नव्हे. चारशे सभासदांपैकी चाळीस करतील. फिल्टरने तुमचा सर्व्हरही दुरुस्त होत नाही, आणि मेल दारातच नाकारला जात असेल तर सभासदाचं फिल्टर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ‘नॉट स्पॅम’ दाबणाऱ्यांची संख्या वाढली तर थोडी मदत होते, एवढंच.

पाचवी: यादी स्वच्छ करा

कंटाळवाणं काम आहे, म्हणून सगळे टाळतात. माझ्या मते गटाच्या मेलची निम्मी दुखणी यादीत असतात.

बहुतेक संस्थांची यादी जुन्या सभासद फॉर्मवरच्या हस्ताक्षरावरून टाइप झालेली असते. रोमन एल आणि १ यांची गल्लत, जीमेलच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालेलं, दोन नोकऱ्यांपूर्वीचा ऑफिसचा पत्ता. अशा मेलेल्या पत्त्यांवर वर्षानुवर्षं मेल जात राहिला की समोरच्या सर्व्हरला दिसतं की हा पाठवणारा यादी न बघता मेल टाकतो. स्पॅमवालेही तसंच करतात. शिवाय सोडून दिलेले काही जुने पत्ते स्पॅम पकडण्यासाठी सापळा म्हणून वापरले जातात. तिथे मेल गेला की थेट नाव खराब. म्हणून ५.१.१ आलेला पत्ता त्याच दिवशी काढा. त्या माणसाला फोन करून नवा पत्ता घ्या, पण जुना ‘असू दे, कधीतरी चालेल’ म्हणून ठेवू नका.

आता ‘स्पॅम’ बटणाचा हिशेब. गूगलने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. त्यात तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत जाऊ देऊ नका, असं सांगितलंय. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. तुमच्या गटात जीमेलचे चारशे सभासद असतील आणि दोघांनी ‘स्पॅम’ दाबलं, तर तेच अर्धा टक्का झालं. एखाद्या मेलने कोणी सर्व्हर बंद करत नाही, पण दर आठवड्याला तेच दोघं तेच बटण दाबत असतील तर बाकी तीनशे अठ्ठ्याण्णवांचा मेल त्यांच्यामुळे अडतो.

ते का दाबतात? वैर म्हणून नव्हे. त्यांना बाहेर पडायचं असतं आणि दार सापडत नाही. फ्लॅट विकून पुण्याला गेलेल्या माणसाला तुमच्या पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक कशाला हवंय? म्हणून प्रत्येक मेलमध्ये यादीतून बाहेर पडायचा दुवा ठळक ठेवा. मेलमन आणि गूगल ग्रुप्स हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक माहितीत, ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ ओळ घालतात, ती बंद करू नका. जीमेल त्या ओळीवरूनच नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दाखवू शकतं. काही कार्यकारिणींना सभासद कमी झालेला आवडत नाही. त्यांना हा वरचा हिशेब दाखवा.

विचारल्याशिवाय कोणाला यादीत घालू नका हेही याच्यातच आलं. मेळाव्यात जमवलेली व्हिजिटिंग कार्डं म्हणजे संमती नव्हे.

सहावी: कुठून आणि किती पाठवताय?

सेक्रेटरी स्वतःच्या जीमेलवरून बीसीसीमध्ये सगळ्यांना घालून पाठवत असतील तर मर्यादा लक्षात ठेवा. फुकटच्या जीमेल खात्याला एका मेलमध्ये आणि एका दिवसात साधारण ५०० ची मर्यादा आहे. ती ओलांडली की पाठवणं काही तास, जास्तीत जास्त एक दिवस, बंद होतं. ‘पहिल्या काहीशे लोकांना जातो’ या लक्षणाचं उत्तर बहुधा इथे आहे. उपाय: गूगल ग्रुप करा किंवा यादी चालवणारी एखादी सेवा घ्या. रोज पन्नास-पन्नास जणांना पाठवत बसणं हा उपाय नाही, शिक्षा आहे.

दुसरी चूक थोडी लपलेली असते. संस्थेच्या वेबसाइटवरून मेल सुटतो, पण पाठवणारा म्हणून सेक्रेटरींचा जीमेलचा पत्ता घातलेला असतो. मेल निघतो होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीच्या, सर्व्हरवरून आणि सांगतो ‘मी जीमेलचा’. ही तोतयेगिरी आहे, हेतू कितीही चांगला असो, आणि गूगलच्या नियमांत ती स्पष्टपणे नको म्हटलेली आहे. पाठवणारा पत्ता तुमच्या स्वतःच्या डोमेनचाच ठेवा. उत्तर जीमेलवर हवं असेल तर ते ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला.

बडबड्या गटांनी आणखी एक गुणाकार करावा. ५०० सभासद आणि दिवसाला १२ मेल म्हणजे ६,००० प्रती. एका दिवसात जीमेलच्या पत्त्यांवर ५,००० मेल गेले की गूगल तुम्हाला मोठ्या पाठवणाऱ्यांत धरतं आणि सगळे कडक नियम लागू होतात. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आउटलुक आणि हॉटमेलच्या पत्त्यांसाठी याच आकड्यावर तशीच अट घातली. दिवसभराचे मेल एकत्र करून पाठवणारा ‘डायजेस्ट’ चालू केला की आकडा झटकन खाली येतो.

मजकुराबद्दल एवढंच: आखूड केलेले दुवे टाकू नका, पूर्ण पत्ता द्या. आखूड दुव्यांमागे कोण आहे ते फिल्टरला दिसत नाही आणि त्याच सेवा फसवणूक करणारेही वापरतात. अहवालाची जड पीडीएफ जोडण्याऐवजी ड्राइव्हचा दुवा द्या. बाकी तुमची शैली तुमच्याकडे.

सातवी: ओळखपत्रं

इथून पुढे डोमेनच्या डीएनएस सेटिंगचं लॉगिन लागतं. डीएनएस म्हणजे त्या डोमेनची वेबसाइट आणि मेल कुठे आहेत ते इंटरनेटला सांगणारी नोंदवही. आधी फक्त बघा, बदलू नका. जीमेलमध्ये गटाचा एक मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच तीन ओळी दिसतील: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, आणि प्रत्येकीपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’. एखादी ओळ दिसतच नसेल तर ती व्यवस्था केलेलीच नाही.

साध्या टपालाची कल्पना करा. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि आत पत्राखाली सही. एसपीएफ पाकीट तपासतो: या डोमेनच्या नावाने मेल सोडायची परवानगी या सर्व्हरला आहे का? डीकेआयएम सही तपासतो, आणि सही केल्यानंतर पत्रात एक अक्षरही बदललं नाही ना हेही. डीमार्क विचारतो की वाचणाऱ्याला जे ‘फ्रॉम’ दिसतंय, त्याच्याशी या दोघांपैकी निदान एक तरी जुळतंय का. जुळत नसेल तर काय करायचं हेही त्या डोमेनचा मालक डीमार्कमध्येच सांगून ठेवतो: काही करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा दारातूनच परत पाठवा.

एसपीएफमधला सगळ्यात जास्त सापडणारा दोष म्हणजे दोन नोंदी. होस्टिंगवाल्याने एक घातलेली, मग मेल गूगलवर हलवला तेव्हा त्यांच्या सूचनेप्रमाणे दुसरी घातली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या की तपासणी ‘परमएरर’ देऊन थांबते आणि दोन्ही निकामी होतात. त्या एकत्र करून एकच ओळ करायची. तिच्यात नावं घालत जातानाही १० डीएनएस शोधांची मर्यादा आहे. प्रत्येक नव्या सेवेचं ‘इन्क्लूड’ जोडत गेलात की ती ओलांडली जाते आणि पुन्हा तोच परमएरर. सोडून दिलेल्या सेवांची नावं काढून टाका. ओळीच्या शेवटी ‘ऑल’च्या आधी अधिकचं चिन्ह दिसलं तर ते आधी काढा, कारण त्याचा अर्थ जगातल्या कोणत्याही सर्व्हरला तुमच्या नावाने मेल पाठवायची मुभा.

डीकेआयएमची किल्ली मेल चालवणाऱ्या सेवेकडून मिळते आणि ती डीएनएसमध्ये चिकटवायची असते. इथे दोन गोष्टी बिघडतात. २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांपेक्षा लांब असते आणि काही डीएनएस पॅनेल ती चिकटवताना शेपूट कापतात. दुसरं, नोंदीच्या नावात तुम्ही पूर्ण डोमेन लिहिता आणि पॅनेल आपणहून ते परत जोडतं, म्हणजे डोमेन दोनदा येतं. नोंद दिसते, पण चुकीच्या पत्त्यावर. सेव्ह केल्यावर बाहेरच्या एखाद्या डीएनएस तपासणीच्या साइटवरून शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघा. बदल सगळीकडे पोहोचायला कधी काही मिनिटं, कधी ४८ तास लागतात. तोवर परत बदलू नका.

डीमार्कची नोंदच नसेल तर ‘नन’ धोरणाने सुरुवात करा. त्याने काहीच अडत नाही आणि कोण तुमच्या नावाने मेल सोडतंय त्याचे अहवाल येऊ लागतात. अहवालांसाठी वेगळी पेटी ठेवा. ते यंत्राने वाचायचे असतात आणि रोज येतात.

आठवी: लिस्टच मेल मोडते

‘एकाच माणसाचे मेल कोणाला मिळत नाहीत’ आणि ‘सभासद आपोआप बंद पडतात’ ही दोन लक्षणं एकाच दुखण्याची आहेत, आणि त्यात चूक कोणाचीच नसते.

लिस्ट मेल घेते आणि पुढे पाठवते. पुढे पाठवताना पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता स्वतःचा घालते. मग विषयाच्या आधी चौकटी कंसात गटाचं नाव चिकटवते, तळाशी ‘हा मेल अमुक गटातर्फे’ अशी तळटीप जोडते. पाकीट बदललं म्हणून एसपीएफ मूळ लेखकाशी जुळत नाही, मजकूर बदलला म्हणून डीकेआयएमची सही मोडली. डीमार्कला धरायला काहीच उरलं नाही.

लेखकाच्या डोमेनचं धोरण ढिलं असेल तर हे खपून जातं. पण एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी ‘रिजेक्ट’, म्हणजे दारातूनच परत पाठवायचं, धोरण लावलं, त्याच महिन्यात एओएलनेही, आणि जगभरच्या मेलिंग लिस्ट एका आठवड्यात आजारी पडल्या. आता बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या डोमेनवरही हेच धोरण असतं. तेव्हा तुमच्या गटातले याहूवाले काका किंवा बँकेच्या पत्त्यावरून लिहिणाऱ्या ताई मेल टाकतात आणि तो जीमेलवाल्यांच्या दारातून परत येतो.

गंमत पुढे आहे. नकार परत येतो तो लिस्टकडे, आणि लिस्टला वाटतं की जीमेलवाल्यांचे पत्ते खराब आहेत. मेलमन २ प्रत्येक सभासदाच्या नावावर दिवसाला जास्तीत जास्त एक गुण मांडतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच झाले की त्याचे मेल बंद. म्हणजे याहूवाल्या काकांनी पाठोपाठ पाच दिवस सुप्रभात पाठवलं, की शिक्षा जीमेलवाल्या सगळ्यांना! कारण शोधणारे त्या सभासदांच्या खात्यात शोधत बसतात आणि तिथे काहीच सापडत नाही.

मेलमन २ च्या २.१.१८ पासूनच्या आवृत्त्यांत ‘प्रायव्हसी ऑप्शन्स’मधल्या ‘सेंडर फिल्टर्स’च्या पानावर डीमार्कसाठी वेगळी सेटिंग आहे. तिथे ‘मंज फ्रॉम’ निवडा. मेलमन ३ मध्ये ती ‘डीमार्क मिटिगेशन्स’खाली मिळते. मग कडक धोरणाच्या लेखकाचा मेल ‘अमुक व्हाया तमुक गट’ अशा नावाने, लिस्टच्याच पत्त्यावरून जातो आणि लिस्टची स्वतःची ओळखपत्रं लागू पडतात. अर्थात ती सातव्या पायरीत नीट केलेली हवीत. गूगल ग्रुप्स अशा लेखकांसाठी ‘फ्रॉम’ आपणहून बदलतं, तिथे तुम्हाला काही करावं लागत नाही.

‘मंज फ्रॉम’नंतर ‘रिप्लाय’ दाबल्यावर उत्तर कोणाला जातं ते स्वतः एकदा करून बघा. फक्त एकाला लिहिलेलं उत्तर अख्ख्या गटाला गेलं की त्याची चर्चा स्पॅमपेक्षा जास्त दिवस चालते. हे ज्यांना नको असतं ते विषयातलं गटाचं नाव आणि तळटीप काढून टाकतात, म्हणजे मूळ सही शाबूत राहते. तोही मार्ग बरोबर आहे, पण लेखकाच्या मूळ मेलला सही नसेल तर उपयोग नाही. मी ‘मंज फ्रॉम’ लावते आणि लोकांना सांगून ठेवते.

त्यानंतर बंद पडलेले सभासद हाताने चालू करायला विसरू नका. मेलमन २ च्या सभासद यादीत ‘नोमेल’च्या रकान्यात रोमन बी दिसतो, ते सगळे बाऊन्समुळे, म्हणजे मेल परत आल्यामुळे, बंद झालेले. दोष काढला आणि हे राहिलं, तर सभासदांच्या दृष्टीने काहीच दुरुस्त झालेलं नसतं.

नववी: काळ्या याद्या आणि शेजारी

स्वस्तातल्या होस्टिंगवर एका आयपी पत्त्यावर, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावर, शेकडो वेबसाइट असतात. त्यातल्या एखादीतून स्पॅम सुटला की आयपी स्पॅम सोडणाऱ्यांच्या काळ्या यादीत जातो आणि तुमचा मेलही. हेडरमधून तुमच्या सर्व्हरचा आयपी घ्या आणि स्पॅमहाउस या अशा याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर तपासा. एकाच वेळी डझनावारी याद्या तपासणाऱ्या साइटवर कुठेतरी लाल खूण दिसेलच, तिच्यावरून झोप उडवून घेऊ नका. परत आलेल्या मेलमध्ये ज्या यादीचं नाव आहे तीच महत्त्वाची. स्पॅमहाउस नाव काढायचे पैसे घेत नाही. जी यादी ‘लवकर काढायचे इतके’ म्हणते तिला पैसे देऊ नका.

सामायिक आयपी असेल तर नाव काढायचा अर्ज होस्टिंगवाल्याने करायचा असतो, तुम्ही नव्हे. तोच पत्ता पुन्हा पुन्हा यादीत जात असेल तर होस्टिंग बदला, किंवा वेबसाइट तिथेच ठेवून मेल दुसरीकडे हलवा.

एक आडवाट बघून ठेवा: समितीच्या पत्त्यावर येणारा मेल पाच जणांच्या जीमेलवर परस्पर पुढे ढकलायची सोय होस्टिंगवर केलेली असते. त्या पत्त्यावर येणारा स्पॅमही तसाच पुढे जातो आणि जीमेलच्या लेखी तो तुमच्या सर्व्हरने पाठवलेला असतो. हा फॉरवर्डर काढून तिथे खरी पेटी किंवा छोटा ग्रुप करा.

इथे थांबा

खालचं काही आढळलं तर स्वतः पुढे जाऊ नका.

तुम्ही न पाठवलेले मेल तुमच्या सर्व्हरवरून जाताहेत, किंवा परत येणाऱ्या मेलमध्ये अनोळखी विषय दिसताहेत. वेबसाइटमध्ये कोणीतरी घुसलंय किंवा एखाद्या खात्याचा पासवर्ड फुटलाय. पासवर्ड बदला, लिस्ट बंद ठेवा आणि होस्टिंगवाल्याला किंवा जाणकार सर्व्हर ॲडमिनला बोलवा. साफ न करता काळ्या यादीतून नाव काढून घेतलंत तर ते परत जातं आणि दुसऱ्यांदा निघायला अवघड होतं.

स्वतःचा सर्व्हर चालवताय आणि आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, चुकली आहे. ती डोमेनच्या पॅनेलमध्ये नसते, आयपी ज्याचा आहे त्यालाच घालावी लागते.

त्याच डोमेनवर ऑफिसचे किंवा हिशेबाचे मेल चालतात आणि डीएनएसचं लॉगिन नेमकं कोणाकडे आहे ते माहीत नाही. एमएक्सची, म्हणजे येणारा मेल कुठे न्यायचा ते सांगणारी, ओळ चुकून पुसली तर येणारा मेलही बंद होतो. डीमार्क ‘नन’वरून ‘रिजेक्ट’वर नेणं हेही माहितगाराचं काम. आधी काही आठवड्यांचे अहवाल वाचलेला माणूस हवा.

आणि फक्त एका बँकेत किंवा कॉलेजात मेल जात नसेल, बाकी सगळीकडे ‘पास’ दिसत असेल, तर तुमच्या हातात काही नाही. तिथल्या सभासदाने त्यांच्या आयटी विभागाला सांगून गटाचा पत्ता मोकळा करून घ्यायचा, किंवा गटाला घरचा पत्ता द्यायचा.

ज्याला बोलवाल त्याला ‘मेल जात नाही’ सांगू नका. परत आलेला मेल पूर्ण, ‘शो ओरिजिनल’मधला पूर्ण मजकूर, पाठवल्याची वेळ आणि न मिळालेला एक पत्ता, एवढं द्या. स्क्रीनशॉट नको, मजकूरच. ‘शंभर टक्के इनबॉक्सची हमी’ देणाऱ्याला काम देऊ नका. इनबॉक्स त्याच्या हातात नसतो.

दुरुस्ती झाली की दुसऱ्याच दिवशी सगळं सुरळीत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. खराब झालेलं नाव सुधारायला आठवडे जातात. सुरुवातीला नेहमी उत्तर देणाऱ्या, मेल उघडणाऱ्या सभासदांना पाठवा, मग हळूहळू बाकीचे जोडा. पाठवण्याचं प्रमाण बरंच असेल तर गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन नोंदवून तक्रारींचा आलेख बघता येतो. छोट्या गटांना तिथे बहुधा काहीच दिसणार नाही, तेवढे मेलच नसतात. त्यांनी दर महिन्याला एक जीमेल, एक आउटलुक आणि एक याहू अशा तीन पत्त्यांवर गटाचा मेल कुठे पडतो ते बघावं. ही तीन खाती कार्यकारिणीतल्या कोणाच्या तरी नावाने यादीतच घालून ठेवा.